अठ्ठावीसचा फाटा

"आमची ताई बेरजा करते. पगार घेऊन."

माझा धाकटा भाऊ सन्मती माझी ओळख अशी करून द्यायचा. लग्नात, बारशात, त्याच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, कुठंही. समोरचा माणूस गोंधळून माझ्याकडे बघायचा आणि सनू पुढचं वाक्य टाकायचा, "त्याही धड पुऱ्या करत नाही. म्हणते, पुरेशा मोठ्या संख्येसाठी हे खरं आहे. पुरेशी मोठी म्हणजे किती, असं विचारलं की गप्प!"

यात खोटं काही नव्हतं. ज्या शाखेत मी तीस वर्षं घातली तिचं नाव बेरजांचं चयनगणित. नाव ऐकून लोक दबकतात, पण मूळ प्रश्न शाळकरी आहे. काही संख्या घ्या. त्यांतल्या दोन-दोन संख्यांच्या सगळ्या बेरजा करा. आता मूळ संख्या झाकून ठेवा आणि नुसता बेरजांचा ढीग समोर घ्या. त्या ढिगाकडे बघून आतल्या संख्यांविषयी काय सांगता येईल? एक ते पाच या ओळीतल्या संख्या असतील तर वेगवेगळ्या बेरजा निघतात फक्त सात. पाच संख्या कशाही विखुरलेल्या असतील तर निघतात दहा. म्हणजे ढीग लहान निघाला, की आत काहीतरी शिस्त आहे असं समजायचं. ही शिस्त हुडकून काढणं आणि ती आहेच हे सिद्ध करणं, हा आमचा धंदा.

आणि धंद्याची म्हणून एक खोड असते. आम्ही लाखो-कोटी संख्यांच्या संचांवर बोलतो. लहान संचांत कायकाय गमती होतात त्याकडे आमच्यातलं कुणी ढुंकून बघत नाही. ते विद्यार्थ्यांना गृहपाठाला देतो. तीन, चार, पाच या संख्या म्हणजे आम्हाला घरची भाजीभाकरी. असू देत असतील तर.

मी ही खोड इतकी लांबवर का सांगते आहे ते पुढं कळेल. ती माझ्या कामाला आली.

आम्ही चौघं. थोरली पद्मजाअक्का, मग अभिनंदनदादा, मग मी त्रिशला, आणि तेरा वर्षांच्या अंतरानं झालेलं शेंडेफळ म्हणजे सन्मती. तो झाल्यावर आई कायमची अंथरुणाला खिळली आणि सनू माझ्या कडेवर वाढला. त्याला मोजायला मी शिकवलं, चिंचोके मांडून. पुढं तो तासगावला हायस्कुलात गणिताचा मास्तर झाला आणि मी पुण्यात एका संशोधन संस्थेत प्राध्यापक. मी लग्न केलं नाही. त्याच्या घरी अनुपमा आली, तीही मला ताईच म्हणायला लागली.

आता रक्ताच्या एका तपासणीविषयी.

आपल्या प्रत्येक पेशीत जो आनुवंशिक धागा असतो, त्यावर वयाप्रमाणे बारीक रासायनिक खुणा उमटतात आणि पुसल्या जातात. हे फार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. सुरुवातीच्या चाचण्या त्या खुणा वाचून माणसाचं वय सांगायच्या, आणि लोक हसायचे, की वय तर जन्माचा दाखलाही सांगतो. मग लाखो माणसांचं रक्त दरवर्षी घेत गेले, त्यांतली कोण कधी आणि कशानं गेली याची नोंद ठेवत गेले. हळूहळू कळलं, की यकृत, हृदय, मूत्रपिंड, प्रत्येक अवयवाच्या खुणांचा झिजण्याचा आपला एक वेग असतो आणि त्यांतला पहिला अवयव कधी हात टेकणार हे बरंच आधी मांडता येतं. कुठला ते यंत्र सांगू शकायचं नाही. कधी ते सांगायचं. अपघात सोडले तर सहा महिने इकडे-तिकडे. एक थेंब रक्त, आणि उरलेल्या वर्षांचा आकडा.

पहिल्या दोन वर्षांत या आकड्यानं हाहाकार केला. ठरलेली लग्नं मोडली. नोकरीच्या मुलाखतीत आकडा विचारू लागले. कुणीतरी सासूचा आकडा पाहून घर वेगळं केलं. शेवटी कायदा झाला. कुणाचाही एकट्याचा आकडा काढायचा नाही, सांगायचा नाही, साठवायचा नाही. पण एकत्र राहू इच्छिणाऱ्यांना नियोजनापुरती मदत म्हणून एक पळवाट ठेवली. चार किंवा अधिक जणांनी मिळून अर्ज करायचा. सीलबंद यंत्र प्रत्येकाचा आकडा मोजतं, दोन-दोन जणांच्या बेरजा करतं, मूळ आकडे पुसून टाकतं आणि नुसत्या बेरजा लहानापासून मोठ्यापर्यंत छापून देतं. कोणती बेरीज कुणाकुणाची, ते नाही. बेरजेत माणूस लपतो, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं. त्यांनी माझ्यासारख्या कुणाला विचारलं नसावं.

अर्ज करायची टूम दादाची. तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. नियोजन केल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. अक्का विधवा, मी एकटी, त्याची मुलं परदेशी. चौघांनी हरिपूर रस्त्याला एका आवारात चार घरं बांधून म्हातारपण काढावं, असं त्याच्या मनात होतं. किती वर्षांसाठी, कुणाला जिने चालतील, शेवटी कोण कुणाला बघणार, याचा त्याला अंदाज हवा होता.

भाऊबीजेला आम्ही सांगलीत त्याच्याकडे जमलो. ओवाळून झालं आणि दादानं लखोटा फोडला. कागदावर सहा आकडे होते.

२३, २५, २८, ४४, ४७, ४९.

"यातनं काय डोंबल कळायचं?" दादा म्हणाला.

"ताई आहे की," सनू म्हणाला. "बेरजा समोर, संख्या झाकलेल्या. हिचा धंदाच आहे तो."

"कायद्यात बसतं का पण?"

"बेरीज केली म्हणून कुणी आत टाकत नाही, दादा. नाहीतर आमची अख्खी शाळा आत गेली असती."

मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मांडायला घेतलं. सनू माझ्या खांद्यावरून बघत होता, लहानपणी बघायचा तसाच, श्वास मानेवर येईल इतका जवळून.

गणित असं होतं. सगळ्यांत लहान बेरीज तेवीस. ती सगळ्यांत लहान दोन आकड्यांचीच असणार. त्यानंतरची पंचवीस, ती पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याची. इथवर रस्ता सरळ. अठ्ठावीसला मात्र फाटा फुटतो. अठ्ठावीस ही दुसऱ्या आणि तिसऱ्याची बेरीज असू शकते, किंवा पहिल्या आणि चौथ्याची. मी पहिला फाटा धरला. आकडे पटापट सुटले. पडताळून पाहिलं, साही बेरजा जुळल्या.

"दहा, तेरा, पंधरा, चौतीस," मी वाचून दाखवलं.

मग अक्का म्हणाली, "दहा माझे. रग्गड झाले की." ती चौसष्ट वर्षांची होती. दादा एकसष्टचा, मी अठ्ठावन्न, सनू पंचेचाळीस. आकडे वयाच्या रांगेनं अगदी शहाण्यासारखे उभे राहिले होते. चौतीस कुणाचे ते सांगायलाच नको होतं. दादानं सनूच्या पाठीवर थाप मारली. "चला, आम्हा तिघांना पोचवायला एक खांदा पक्का!"

"म्हणजे तुमची औषधं, डबे, वकील, सगळं मीच करायचं का?" सनू ओरडला, आणि सगळे हसले. अनुपमानं पानं वाढली.

आम्ही लोक कागदावर एक फाटा सोडवतो आणि दुसऱ्याविषयी लिहितो, "याचाही विचार असाच करता येईल." लिहितो आणि पुढं जातो. पण डोकं जात नाही. जेवताना माझ्या डोक्यात दुसरा फाटा आपोआप सुटत गेला. अठ्ठावीस जर पहिल्या आणि चौथ्याची बेरीज असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज चव्वेचाळीस. मग आकडे येतात ते असे. दोन, एकवीस, तेवीस, सव्वीस. साही बेरजा जुळतात. तंतोतंत त्याच. वाटल्यास करून बघा.

चार जण असले की हे असं होतंच. बेरजांच्या एका ढिगाखाली कायम दोन उत्तरं असतात, आणि त्यातलं खरं कुठलं ते ढीग सांगत नाही. पाच जण असते तर एकच उत्तर निघालं असतं.

दोन वर्षं. कुणाची ते कळायला मार्ग नव्हता. अक्का, दादा, सनू, मी, कुणीही. किंवा कुणाचीच नाहीत, आणि पहिलंच उत्तर खरं.

"हेच एक उत्तर ना, त्रिशला?" दादानं ताटावरून विचारलं. "दुसरं काही निघत नाही ना?"

"हेच," मी म्हणाले.

का म्हणाले? अक्का हसत होती, जिलेबीचं ताट फिरत होतं, आणि मी घाबरले. घाबरले हेच खरं कारण. लोकांना कशाला घोर लावायचा, शक्यता निम्मीच आहे, वयाची रांग बघता निम्म्याहूनही कमी आहे, हे सगळं नंतर परतीच्या गाडीत बसून जोडलं. सनूनं तेवढ्यात तो सहा आकड्यांचा कागद घडी करून खिशात घातला. "मुलांना देतो सोडवायला," म्हणाला.

आठ-दहा दिवसांनी त्याचा फोन आला.

"काय ताई, परत बघितलंस का ते गणित?"

"कुठलं?"

"आपलं आयुष्याचं."

"झालं ना ते. काय बघायचंय परत?"

"तसं नव्हं, सहज आपलं." मग म्हणाला, "एक सांगायचं होतं. मी वर्षभराची रजा टाकलीय. बिनपगारी."

चौतीस वर्षं पुढ्यात असलेला, वर्गावर जीव टाकणारा मास्तर अशी रजा का टाकेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडलाही. मी तो विचारला नाही.

"हेडबाई चिडल्यात," तो सांगत होता. "मी म्हटलं, बावीस वर्षं शिकवलं, आता जरा शिकतो. ऐक की. एक प्रश्न हाय माझ्याकडं. एक ते शंभरमधल्या संख्या निवडायच्या. अशा निवडायच्या, की कुठल्याही दोन जोड्यांची बेरीज सारखी येता कामा नये, एकाच संख्येची दुप्पट हीही बेरीजच धरायची. जास्तीत जास्त किती निवडता येतील? मी अकरापर्यंत आलोय. बारा होतील असं वाटतंय, पण सापडंना."

"होतात बारा," मी म्हणाले. "जुनं काम आहे ते, सनू. तक्ते आहेत त्याचे. पाठवू?"

"नको नको, तक्ता नको. तू ये. दोघं मिळून काढू."

"अरे, पण झालेलं आहे ते."

"असू दे की. आपण दोघांनी कुठं केलंय?"

मी म्हणाले, उन्हाळ्यात बघू.

त्या काळात माझं एक प्रमेय हाताशी आलं होतं. बुडापेस्टची गणिती एस्टर आणि मी सहा वर्षं त्याच्या मागं होतो. शिवाय सिद्धता शोधणारी यंत्रं दारात येऊन उभी होती. दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या जन्माचं काम एका दुपारी उरकून टाकत होती. यंत्राच्या आधी आपण पोचायचं, एवढं एकच मला दिसत होतं. आणि मनाची चलाखी बघा. पहिलं उत्तर खरं असेल, तर दहा वर्षं कुणाला धक्का नाही. सनूकडे सवडीनं जाता येईल. दुसरं खरं असेल आणि ती दोन वर्षं माझीच असतील, तर प्रमेय आधी पुरं व्हायला हवं. दोन्ही फाटे मी बरोबर माझ्या टेबलापाशी आणून सोडले. ती दोन वर्षं सनूची असतील तर काय, हा तिसरा विचार मी करायचा टाळला. तो मनात यायला लागला, की मी उठून चहा करायची.

तो दर पंधरा दिवसांनी फोन करायचा. "गुढीपाडव्याला येतीस का?" "मे महिन्यात तरी?" "पावसाळ्यात इकडं छान असतं, ताई." प्रत्येक वेळी हसत. मी प्रत्येक वेळी "येते रे, एवढं संपू दे," म्हणायची. त्यानं कधी आग्रह केला नाही. एकदाच म्हणाला, "तू लई कामाची बाई झालीस." त्यात टोमणा नव्हता, कौतुक होतं. मला ते अजून ऐकू येतं.

त्या पहिल्या वर्षात मी एकदाच गेले. कोल्हापूरला व्याख्यान होतं, वाटेत तासगावला उतरले. दोन तास. त्यानं पुढच्या खोलीतलं टेबल खिडकीशी ओढून ठेवलं होतं. त्यावर चौकटीच्या कागदांची चळत, टोक केलेल्या चार पेन्सिली, दोन खुर्च्या शेजारी-शेजारी. अनुपमानं भरली वांगी केली होती. मी जेवले, आणि एस्टरचा निरोप आला म्हणून फोन घेऊन अंगणात गेले. पाऊण तास तिथंच गेला. परत आले तर सनू टेबलापाशी बसून होता.

"बस की थोडं," तो म्हणाला.

"गाडी आलीय रे. पुढच्या खेपेला आठ दिवस काढून येते. नक्की."

"बरं." तो उठून गाडीपर्यंत आला. "माझी तब्येत बघ की, कशी झालीय. सगळ्या तपासण्या केल्या मध्ये. ठणठणीत."

"तुला काय धाड भरलीय," मी म्हणाले.

कुठल्या तपासण्या, कशासाठी, हे मी विचारलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये यंत्रानं आमचं प्रमेय सिद्ध केलं. एका दुपारी, अकरा पानांत, आणि "पुरेशा मोठ्या" संख्येसाठी नव्हे, सगळ्याच संख्यांसाठी. एस्टर दोन दिवस रडली. मी आठवडाभर कुणाशी बोलले नाही. तेव्हा तरी उठून तासगावला जायला काय हरकत होती? पण हरलेलं तोंड घेऊन कुठं जायचं, असं वाटलं. आणि मग दुसरा प्रश्न घेतला, लहानसा, सावरण्यापुरता.

जुलैत अनुपमाचा फोन आला. सनूला मिरजेला दाखल केलं होतं. स्वादुपिंड. वर्षापूर्वीच्या तपासण्यांत तिथं काहीही नव्हतं. आता बरंच पसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, फार तर दिवाळी.

फोन ठेवला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नव्हतं. याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

मी त्याच दिवशी निघाले आणि मग परत गेलेच नाही. दवाखान्याजवळ खोली घेतली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या उशाशी बसायची. येताना चौकटीचे कागद घेतले होते, त्याच्या आवडीच्या पेन्सिली घेतल्या होत्या. त्यानं हातात घेऊन पाहिले आणि खाली ठेवले. "आता डोळे लागत नाहीत गं. आकडे हलतात." मी म्हणाले, तू सांग, मी मांडते. चार-पाच आकडे सांगून त्याला झोप लागली. असं दोन-तीनदा झालं. नंतर मी कागद पिशवीत ठेवून दिले.

श्रावणातली एक दुपार होती. अनुपमा घरून डबा घेऊन आली होती आणि खिडकीशी ताट मांडत होती. सनूला जरा हुशारी वाटत होती.

"ताई, एक विचारू? रागावणार नाहीस?"

"विचार की."

"त्या भाऊबीजेला, अठ्ठावीसला दुसरा फाटा होता. तुला दिसला नव्हता नव्हं?"

मी चादरीची सुरकुती काढत राहिले. त्याला वाटलं मला समजलं नाही. तो समजावून सांगायला लागला, वर्गात सांगत असेल तसं, बोटांनी चादरीवर आकडे काढत. "अठ्ठावीस ही पहिल्या आणि चौथ्याची बेरीज धरायची. दोन, एकवीस, तेवीस, सव्वीस. मला त्याच दिवशी घरी जाऊन सापडलं. आधी वाटलं, आपलं चुकलं. चार वेळा ताळा केला. मग म्हटलं, मला दिसलं ते ताईला दिसणार नाही असं कसं होईल? आठ दिवस तुझ्या फोनची वाट बघितली."

"मग?"

"तू काय बोलली नाहीस. मीच फोन केला, विचारून बघितलं. तू म्हणालीस, झालं ते. म्हटलं, कदाचित सांगायचं नसेल. मग मी तुला बोलवायला लागलो. तू आली नाहीस." तो दमला होता, थोडा थांबला. "तेव्हा खात्री पटली, की तुला दिसलेलंच नाही. दिसलं असतं तर तू आली असतीस. पाठीवर बिऱ्हाड घेऊन आली असतीस. मी ओळखत नाही का तुला?"

अनुपमा हातातला चमचा तसाच धरून ऐकत होती. तिला त्यानं हे आधीच सांगितलेलं दिसत होतं.

मी तोंड उघडलं. खरं सांगते, मला कबूल करायचं होतं. वाक्य जिभेवर होतं. मला माहीत होतं, सनू. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते बोलले असते तर मला मोकळं वाटलं असतं. मी रडले असते आणि त्यानं मला माफही केलं असतं, तो तसाच होता. पण उरलेले दिवस त्याला त्या माफीबरोबर काढावे लागले असते. हिला ठाऊक होतं आणि तरी ही दोन तास बसून गेली, हे त्याच्या उशाशी येऊन पडलं असतं.

तेवढ्यात त्यानंच मला वाट काढून दिली. "मला तेव्हाच वाटलं होतं," तो हसत म्हणाला. "तुम्ही सगळे पुरेशा मोठ्या संख्यांवाले. चारकडं कोण बघतंय!"

"खरंय रे," मी म्हणाले. "नाही दिसलं मला."

"नाही ना?"

"नाही. पहिलं जुळलं आणि मी पेन खाली ठेवलं. चारचं काय बघायचं, असं वाटलं."

त्याचा चेहरा जो फुलला, तसा मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. "अनु! ऐकलंस का? प्रोफेसरबाईंना नाही दिसलं! तासगावच्या मास्तराला दिसलं!" त्याला हसताना ठसका लागला, अनुपमानं पाणी दिलं, तरी तो थांबेना. संध्याकाळी डॉक्टर आले तर त्यांना सांगितलं. नर्सला फाट्याचं गणित समजावलं. दुसऱ्या दिवशी अक्का आणि दादा आले. दोन वर्षांची गोष्ट त्यांना पहिल्यांदाच कळत होती; अक्का डोळ्याला पदर लावून बसली. सनूनं तिलाच धीर दिला आणि मग डोळे बारीक करून म्हणाला, "पण ताईला हरवलं की नाही मी? बेरजेत हरवलं!"

दादानं मला बाहेर व्हरांड्यात गाठलं.

"मी तुला सरळ विचारलं होतं. दुसरं निघत नाही ना? एवढं शिकलीस, जगभर भाषणं देत हिंडलीस, आणि घरचं चारचं गणित तुला धड येऊ नये? कळलं असतं तर ही दोन वर्षं त्याला मी डोळ्यांआड होऊ दिलं नसतं."

"चुकलं माझं, दादा," मी म्हणाले.

"चुकलं म्हणे!" तो पाठ फिरवून निघून गेला. नंतर वर्षभर तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता. कमीच आहे ते.

सनू दिवाळीच्या सोळा दिवस आधी गेला. यंत्राचं सहसा चुकत नाही.

तो गेल्यानं बाकीच्या तिघांचा प्रश्न आपोआप सुटला. खरं उत्तर कोणतं ते ठरलं. एकवीस, तेवीस, सव्वीस. प्रत्येकातली दोन वर्षं तो गेला तेव्हाच सरलेली. कायद्यानं जे कुणाला सांगायचं नाही ते आम्हा तिघांना आता पक्कं ठाऊक आहे, की तिथून पुढं निदान एकोणीस वर्षं कुणाला धक्का नाही. दादानं हरिपूरच्या जागेचा विषय परत काढला नाही. अक्का म्हणते, माझ्यातली दहा त्याला देता आली असती तर. तिला वाटतं असं काहीतरी गणित माझ्याकडे असेल. नाही.

मी संस्था सोडली. तासगावात सनूच्या घराजवळ खोली घेऊन राहते आणि आठवड्यातून तीन दिवस त्याच्या शाळेत शिकवायला जाते. बारा संख्यांचा प्रश्न मी मुलांना घातलेला नाही. तक्ता मला पाठ आहे, त्यामुळे मला तो आता कधीच सोडवता येणार नाही.

हे मी लिहून ठेवते आहे, पण अनुपमा आहे तोवर कुणाला दाखवणार नाही. वर्षश्राद्ध झालं त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. भांडी आवरायची होती, ती तशीच ठेवली होती.

"ताई, दादांचं मनावर घेऊ नका," ती म्हणाली. "तुमची चूक झाली ती बरी झाली. हे मला नेहमी म्हणायचे, तिला दिसलं नाही म्हणूनच ती आली नाही. त्या एका गोष्टीवर ते शांत होते. तुम्हाला माहीत असून तुम्ही आला नसता, तर तो माणूस आजारानं नसता गेला, त्यानंच गेला असता."

मी "हो" म्हणाले.

ती उठून भांडी घासायला गेली. मीही गेले आणि तिनं घासलेली एकेक विसळून पालथी घालत राहिले.